ओली वाफ

खोक्यावरच्या चित्रात
फेसावर पान काढलं होतं, शिरांसकट.
आमच्या कपात साबणाचे बुडबुडे.
दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं, म्हशीचं,
समोर धार काढून दिलेलं.
त्याला नावं ठेवायची कोल्हापुरात कुणाची छाती?
म्हणजे दोष वाफेचा.

नळी आधी थुंकायची,
मग खाकरायची,
मग वीस सेकंद जिवाच्या आकांतानं फुंकून
गप्प व्हायची.
दूध कोमट. माझं तोंड त्याहून.

शनिवारी उद्यमनगरात गेलो.
दस्तगीर शिकलगारच्या लेथवर
ट्रॅक्टरचा कसलातरी बुश फिरत होता.
त्यानं नळीचं टोपण चिमटीत धरलं
आणि एक डोळा मिटून उजेडाकडं बघितलं.
'चार भोकं? एवढ्याशा बॉयलरला?
भाकरी एक आणि खाणारी चार.
दोन भोकांचं काढून देतो, एकेक मिलिमीटरचं.
पितळ नको, पोटात जायचं. स्टेनलेस घेऊ.'
पैसे विचारले तर म्हणाला,
'कापी पाजा कधीतर.'

जोर वाढला. खरंच वाढला.
पण थुंकणं तसंच,
आणि आता ते जोरात.

आण्णा कॉटवर पडून ऐकत होते.
एकतीस गळीत हंगाम
ते कारखान्याच्या बॉयलरसमोर उभे राहिले.
उजवा कान तिथंच राहिला.
डाव्यानं ऐकून म्हणाले, 'ओली हाय.'

मला वाटलं चादर. मी उठलोही.

'चादर न्हवं रं. वाफ.
पाणी येतंय तिच्यासंगं. आदी ते भाईर सोड.'
भिंत धरत ओट्याशी आले.
'डबा केवढा हाय आत?'
शंभर मिली म्हटल्यावर
इतके हसले की खोकला लागला.
'आमच्या ड्रममदी माणूस उतरून घासायचा.
ह्यात उंदीरबी मावायचा न्हाई.
खार धरला असंल. घासलास कधी?'

लिंबूसत्त्व घालून मशीन तासभर तसंच ठेवलं.
बाहेर आलं ते
तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाच्या रंगाचं,
तळाशी पांढरी कच.
आण्णांनी ती बोटावर घेऊन चोळली,
ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

'आणि ह्यो तांबडा दिवा?'
'तो विझला की वाफ तयार, पुस्तकात लिहिलंय.'
'पुस्तकवाल्यानं रातपाळी केलीया का कधी?
दिवा विझला म्हंजे जाळ बंद.
जाळ बंद झाल्यावर वाफ मागतोस व्हय?
पेटता हाय तवरच उघड.'

'मी बघतो घड्याळ,' शालन म्हणाली.
बावन्न सेकंदांना दिवा विझतो.
दुसऱ्या खेपेला त्रेपन्न.
मग पंचेचाळीसला ती नुसती माझ्या पाठीवर थाप मारणार,
असं ठरलं.

फडक्यात थुंकू दिलं आधी, जेवढं थुंकायचं तेवढं.
थाप पडली.
टोक दुधात, जेमतेम बुडेल इतकं.
कागद फाटल्यासारखा आवाज,
मग टोक खाली नेलं तसा
आवाजच मिटला.
दूध एका कडेनं गोल फिरत राहिलं,
जड, चकचकीत,
आणि आण्णांनी भांड्याला मागून पंजा लावला.
'बास.'
काटा बासष्टवर होता.

पान नाही आलं.
वांग्यासारखं काहीतरी आलं, देठाकडं वाकडं.
'पुढच्या वेळी मी ओततो,' शालन म्हणाली.

आण्णांनी कॉफी घेतली नाही. कडू असते म्हणे.
भांड्यातलं उरलेलं दूध वाटीत घेतलं,
साखरही न घालता
उभ्यानं प्यायले.
मिशीवर फेस. त्यात बुडबुडा शोधून सापडेना.

मी बटण बंद करून वळलो होतो.
मागं फुस्स झालं.
त्यांनीच, नळीखाली फडकं धरून,
पुन्हा एकदा कॉक उघडला होता.

'लाइन रिकामी केल्याबिगर
पाळी सोडायची न्हाई,' म्हणाले,
आणि हात पुसायला
खिशात रुमाल शोधू लागले.