डाळिंबं

वरखेडीच्या शाळेची कमान रंगवायला
मला इंदूरहून बोलावलं.
मल्हारगंजात माझं दुकान. नंबरप्लेटा, लग्नाच्या पाट्या,
कधी एखादा उमेदवार, हात जोडलेला.

कमानीवर बिडाचं एक चिन्ह आहे, जहागिरीच्या काळातलं.
ढाल. ढालीत तीन फळं, डोक्यावर मुकुट असलेली,
मधोमध एक फणी.

गुरुजी म्हणाले, डाळिंबं. म्हणजे समृद्धी.
एका सालीखाली शंभर दाणे, म्हणजे एकी.
आणि फणी?
"स्वच्छता," ते म्हणाले,
आणि इंदूरचा माणूस म्हणून
माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

शिडी लावली. गंज खरवडला.
आधी निळा निघाला, त्याखाली तांबडा, मग शेंदूर,
आणि अगदी तळाशी, नखाएवढा, हिरवा.

डाळिंबाचा मुकुट वर उघडतो.
हा चपटा, चकतीसारखा पसरलेला.
आणि बोटाला लागल्या उभ्या रेघा, चार-चार,
प्रत्येक फळाच्या पोटावर.

चंद्राआत्या सांगायची:
फाल्गुनात दुपारी बोंडं चिरायची, चार दातांच्या सुरीने.
पहाटे काळा पडलेला चीक खरवडून
कचेरीत तोलून द्यायचा.
अंगठ्याला चिकटलेलासुद्धा मुनशी पुसून घ्यायचा.
नखाखाली राहील तेवढा आपला.
तो तान्ह्याच्या जिभेला लावायचा,
म्हणजे ते वाफा संपेपर्यंत निजायचं.
"तुझा बाप असाच वाढला," ती म्हणायची,
"म्हणून इतका सावकाश."

जहागीरदारांना दरबारात बसायला चिन्ह हवं होतं,
पंधरा दिवसांत.
पूर्वजांची एकही लढाई सापडेना.
येसाजी ओताऱ्याने म्हणे विचारलं,
हुजूर, आपण खाता कशावर?
हे आत्याला कोणी सांगितलं, माहीत नाही.
ती सांगताना मात्र येसाजीसारखी वाकायची.

गुरुजी खाली उभे, हातात लाल डबा.
मी हिरवा मागितला.
मान वर करून ते बराच वेळ बघत राहिले.
"कच्ची आहेत का हो?"

कच्ची असतानाच चिरतात, असं तोंडाशी आलं.
तेवढ्यात घंटा झाली. पोरं ओळीत उभी राहिली,
एक चिमुरडी शेवटी, उभ्या उभ्या पेंगणारी.

"हो सर," म्हणालो, "जरा कच्चीच."

फणीचे चार दात तेवढे चंदेरी केले,
खालून धार दिसेल असे.