कोरी पेटी

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
खालची लेथ गप्प, समोरच्या फौंड्रीचं धुराडं गप्प,
म्हणून मी बिल्डची कामं सोमवारवर टाकते.

आधी रिकामी खोली करायची.
खोली म्हणजे काय,
याच यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र असल्याची
प्रामाणिकपणे घेतलेली शपथ.
आत न्यायचं मोजकंच:
एक शेल, एक कंपायलर,
ज्यांच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही अशी चार हत्यारं.
माझं नाव न्यायचं नाही,
माझं घड्याळ नाही, माझी भाषा नाही,
अकरा वर्षं जमवलेले फॉन्ट नाहीत.
सगळं बाहेर.
आणि नेट बंद,
म्हणजे ऐन वेळी कुणी वाटी घेऊन
शेजारी साखर मागायला जाणार नाही.

दस्तगीरचाचा सुट्टीलाही येतात, मोल्डिंगच्या पेट्या बघायला.
जिन्यातून डोकावले.
"रिकामीच हाय न्हवं? मग सकाळधरनं काय करालीस?"
रिकामी करालोय, म्हटलं.
ते हसले नाहीत.
"व्हय. कालच्या रेतीचा एक गोळा पेटीत ऱ्हायला
तर आजच्या कास्टिंगला फोड येतोय.
आनि शिव्या खातंय लोखंड."

पॅकेज माझं लहान आहे.
छापखान्यांच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणतं.
शाहूपुरीतल्या दोन प्रेस ते वापरतात,
एका साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल,
आणि परगावचे कोण कोण, मला माहीत नाही.
सात वर्षं माझ्या मशीनवर चालतंय.
माझ्या मशीनवर.

कोऱ्या खोलीत चाळीस सेकंदांत पडलं.

कंपायलरची तक्रार नव्हती.
चाचणीतली गावं बिघडली होती:
िशरोळ, िनपाणी,
पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच येऊन
दारात पाहुण्यासारखी अवघडून उभी,
आत ये म्हणणारं कुणी नाही.

मग शोधलं.
दुपार गेली, भाकरी ताटात वाळली.
माझ्याच घरच्या फोल्डरात, एका कोपऱ्यात,
तेवीस ओळींची फाइल. नाव 'सरळ'.
तारीख सात वर्षांपूर्वीची, वेळ रात्री दीडची.
वर एकच टीप: 'वेलांटी उचलून मागं ठेवतो. नि.चौ.'

निवृत्ती चौगुले.
याच खुर्चीत बसला होता तेव्हा,
मला डुलकी लागलेली.
सकाळी सगळं चालत होतं
आणि मी विचारलंच नाही, कसं.
रोज माझं यंत्र गुपचूप त्याला हाक मारायचं,
तो रोज यायचा,
आणि मी लोकांना सांगायचे, हे मी एकटीनं केलंय.

फोन लावला. गडहिंग्लजला रोपवाटिका चालवतो आता.
मागं पाण्याची मोटर.
"कसलं स्क्रिप्ट? आठवत न्हाई बघ."
मी म्हटलं, कुठल्या परवान्यानं देऊ?
"तू देशील त्या. मिरचीची रोपं न्यायला माणूस आलाय, ठेवतो."
मग ठेवता ठेवता,
"नाव घालणार असशील तर चौगुलेची मात्रा खाऊ नको,
कारखान्याच्या अहवालात दरसाल चोगुले छापून येतंय."

ते माझंच पॅकेज छापतं.
सांगितलं नाही त्याला.

रात्री यादीत एक ओळ वाढवली:
हे लागतं. याच्याशिवाय होत नाही.
मात्रेचा दोषही निस्तरला, तो मात्र माझाच होता.
चाचणीच्या पहिल्या ओळीत शिरोळच्या वर
आता 'निवृत्ती चौगुले' आहे,
वेलांटी, मात्रा, दोन्हींची परीक्षा एकदम.

खोली पुन्हा पहिल्यापासून केली.
शेल, कंपायलर, चार हत्यारं, आणि तेवीस ओळी.
पावणेबाराला बिल्ड झालं.
पॅकेज बाहेर काढलं आणि खोली पुसून टाकली,
चाचा पेटी झोडून रेती पाडतात तशी.

पुढच्या सोमवारी ती मला ओळखणार नाही.
त्यालाही नाही.
यादी वाचेल, आणि हाक मारेल.