चावीवाला

वडील पालिकेत चावीवाले.
पहाटे पावणेचारला गोलंजी टेकडीखाली
लोखंडी झाकण उघडून
साडेचार फुटी चावी आत सोडायचे,
अंगाचा भार देऊन फिरवायचे,
मग वर वस्तीला चाळीस मिनिटं पाणी.

एकदा चेंबरच्या कडेवर बाई बसलेली.
हिरवं लुगडं, पायांत काही नाही,
मांडीवर रिकामी कळशी.
म्हणाली, घवाळी, आज जरा जास्त सोड.
वस्तीतलीच वाटली. पण वस्तीत त्यांना
सगळे चावीवालाच म्हणायचे.

झाकण लावून वळले तर कोणी नाही.
कळशी टेकल्याचा ओला गोल तेवढा.

आई विचारत राहिली: चेहरा कसा? नथ होती?
वाहन कुठलं?
वडील म्हणाले, कामाची वेळ गं,
मी चावीकडे बघत होतो.

अकरा मिनिटं जास्त सोडलं.
त्याचा मेमो आला, जावक क्रमांकासकट:
कारण विनाविलंब कळवावे.
त्यांनी लिहून दिलं, चावी अडकली होती.
आयुष्यात एवढंच खोटं बोललो, म्हणायचे.

आई गेल्यावर मी देव्हारा आवरला.
टाकांखाली तो मेमो, चार घड्यांचा,
कुंकवानं साहेबांची सही पुसलेली.