दोनशे एकोणचाळीस

मरोळला, गोळ्या भरायच्या कारखान्यात
हजेरीची वही माझ्याकडे.
मोजायचं, आणि दोनशे एकोणचाळीसला थांबायचं.
पुढच्या एका दिवसानं माणूस
नोटीस मागतो, भरपाई मागतो,
खुर्चीकडे बघून बोलतो.
म्हणून आदल्या संध्याकाळी लाल रेघ,
शेजारी बारीक अक्षरात : ब्रेक.
पंधरवड्यानं तीच बाई, तेच टेबल,
नंबर नवा.

मंगल तांडेल माझ्या वहीत
पाच वेळा नवी झाली.
सहाव्यांदा साहेब म्हणाले, हिला आता नको.
गेटवर युनियनवाल्यासोबत
कटिंग पिताना दिसली होती.
मी रेघ ओढली.
कारणाचा रकाना
त्या वहीत छापलेलाच नाही.

वांद्र्याच्या लेबर कोर्टात
वहीसकट मला उभं केलं.
किती दिवस भरले?
पाठच होतं. सांगितलं.
मागच्या बाकावरून ती म्हणाली,
"रविवार धरले का, भाऊ?"

पिशवीतून तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं,
तेलकट, खिळ्याच्या भोकाशी फाटलेलं.
दुधाच्या खाड्यांच्या फुल्या,
आणि त्यांच्या कडेला, पेन्सिलीनं,
आमचे दिवस.
पगारी रविवार. पंधरा ऑगस्ट.
मी उभ्यानंच बोटं मोडत राहिलो.
जजसाहेबांनी पंखा मोठा करायला सांगितला.

तारीख पडली, पुढल्या महिन्याची.

रात्री माझं पत्र काढून पाहिलं,
अकरा महिन्यांचं,
चौथ्यांदा अकरा महिन्यांचं.
बायकोला विचारलं,
गेल्या वर्षीचं कॅलेंडर कुठंय?
म्हणाली, फळीवर अंथरलंय,
डब्यांखाली.