प फ ब भ म

सभेला खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या,
मार्केट यार्डातली हळद बाकांवर बसत होती.

कोळेकर हमाल म्हणाले,
"मी दिवसभर फडकं बांधतोय, बाई.
सोडलं की थुकी पिवळी.
पोरास्नी तासभर काय हुतंय?"

शकीला मुजावर उठल्या :
"सहा तास, भाऊ. तासभर नव्हे."

मगदूम अण्णांनी परिपत्रक परत वाचलं,
मास्क हनुवटीवर, चष्म्यावर वाफ.

मग मला विचारलं. मी पहिलीची बाई.
म्हटलं, क पासून न पर्यंत निभतं.
प आला की अडतं.
प फ ब भ म
पोरं ओठ बघून उचलतात,
आणि माझे ओठ कापडामागे.
कोळेकर, तुमचा रेवण
अजून 'बाबा'ला 'दादा' लिहितो.

ते खाली बघत राहिले.
त्यांची आई मिरजेच्या दवाखान्यातून
परत आली नव्हती,
हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

ठराव शनिवारवर गेला.

दाराशी रेवण. मास्क खाली ओढून
त्यानं दाखवलं : पुढचे दोन दात नाहीत.
कधी रे पडले?
"तिळाच्या लाडवात."
दोन्ही त फटीतून
हवेत गेले.