आठशे अजून

विजयनगर, सातवा मजला, रात्रीचे पावणेबारा.
मी तीनशे म्हटलं. राठीनं अकराशे केले
आणि शेवेची वाटी बाजूला सारली.

माझ्याकडे दोन पंज्या, इस्पिक आणि चौकट.
दोघांपुढे साठ-साठ हजारांच्या चिप्स.
छाबडा म्हणतो, भाभीजी, आज तो गहरा पानी है.

आठशे अजून. एवढंच.
तिसरी पंजी आठात एकदा उतरते;
सात वेळा गुमान पत्ते फेकायचे,
आठव्यांदा सगळ्याची भरपाई.
गणित म्हणतं, टाक.
पण बँकेत तीस वर्षं कर्जं मंजूर केली मी:
हप्ता नंतर, आधी माणूस बघायचा.

माणूस दालमिलवाला.
तुरीत एक खडा लागला तर पोतं परत धाडणारा.
हातात एक्क्यांची जोडी असली तरी
माझ्या तिसऱ्या पंजीचा नुसता वास येताच
हसून मोडेल, दोन-तीन हजारांत सुटेल.
आणि प्रत्येक पानाला आधी बोलायचं मी,
त्यानं ऐकून घ्यायचं.

पाणी साठ हजार खोल, खरं.
दोर मात्र राठीच्या हातात.

त्याची बोटं आज कोरडी.
एरवी जिरावणानं माखलेली असतात.

टाकल्या दोन्ही पंज्या, उपड्या.

छाबडाला राहवेना. "बघू तरी, काय आलं असतं!"
त्यानं वरचं पान उचललं.
मी वाटी ओढली
आणि खाली मान घालून
शेंगदाणे वेचू लागले,
एकेक.