खालचा खण

सीटची नळी निघत नव्हती.
तीन दिवस रॉकेल पाजलं, चौथ्या दिवशी उकळतं पाणी,
पाचव्या दिवशी कमाल चौकातले धनपाल मेश्राम
हातोडी खाली ठेवून म्हणाले,
"बाई, चाळीस सालाचं लगन हाय हे. असं कसं सुटन?"
मग नळीच त्यांनी शिकंज्यात आवळली
आणि अख्खी सायकल फिरवली,
तेलघाणीचा बैल फिरतो तशी.
अशी किंचाळली
की समोरच्या तर्रीपोहेवाल्याचा झारा हवेतच थांबला.
आत पांढरी भुकटी होती.
मी बोटावर घेतली, फुंकली.

सायकल रेसची. जुन्या बाजारात
कूलरच्या जाळ्या आणि अर्ध्या मिक्सरच्या मधे उभी,
शिंगं खाली घातलेली.
गिअरच्या दांड्या पार खालच्या नळीवर;
बदलायचा तर एक हात सोडायचा
आणि रस्त्यावर भरवसा ठेवायचा.
फ्रेमवर ब्रशनं लिहिलेलं, "व्ही. डोंगरे".
हे कोण, विकणाऱ्याला ठाऊक नाही.
धनपाल म्हणाले, खरवडून टाकू?
नको म्हटलं. पत्त्यावरचं नाव आपण खोडत नसतो.

एकतीस वर्षं मी स्टेशनवर, आर.एम.एस.मध्ये, पत्रं लावली.
रात्रपाळी, ट्यूबलाइट, खणांची भिंत.
उमरेड डोळ्यांसमोर, नागभीड छातीशी,
मूल, चामोर्शी, आलापल्ली खाली खाली
आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात सिरोंचा.
तिथं पत्र टाकायचं तर वाकावं लागे.
माझ्या कंबरेला सिरोंचा चांगलं माहीत आहे.
मला नाही.

"रेसची घोडी हाय, हिले खोगीर कुठून बांधू?"
कॅरिअरसाठी फ्रेममध्ये भोकंच नव्हती.
जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून, वर लोखंडी कड्या आवळून
धनपालनी तीन तासांत भोकांशिवाय भागवलं.
मागचं चक्र बदललं:
आता सगळ्यात मोठं अठ्ठावीस दातांचं.
माझे सव्वीस आहेत.
मग चाक. एकेक तार छेडत,
कान टायरला लावून, डोळे मिटून.
एका तारेपाशी थांबले, पुन्हा छेडली.
"हे खोटं बोलून राहिली."
पाव फेरा. मग खरं बोलली.

सामान हातावर तोलते, काटा लागत नाही.
रेनकोट, तीनशे चाळीस. दोन ट्यूब, पाना, ठिगळं, सहाशेच्या आत.
सोलापुरी चादर, बाराशे; कपाटात परत.
सातूचं पीठ किलोभर, ते राहू दे.
संत्री चार. मग दोन. मग पुन्हा चार.
भाची फोनवर: "आत्या, कारनं एका दिवसात होतं गं."
होतं ना.

काल भरल्या सायकलीनं सेमिनरी हिल्सचा चढ.
अर्ध्यावर साखळी उतरली, मी पण उतरले.
मॉर्निंग वॉकचे एक काका थांबून म्हणाले,
मदत करू का? काय बिघडलं?
म्हटलं, काही नाही, ओळख होऊन राहिली.
बोटं काळी. शाईपेक्षा चिकट,
पण नखांत शिरायची रीत तीच.
उतारावर मागचे ब्रेक रडले. पुढचे नाही.
परत कमाल चौक. धनपालनी पॅड तिरपे केले,
पैसे घेतले, सुटे परत दिले,
मग जरा वेळानं, दुसऱ्याच कुणाच्या पंक्चरकडे बघत:
"तिकडं दोन नद्या भेटतात म्हणे.
फोटो पाठवजा."

उद्या पहाटे साडेचार.
दाराशी उभी आहे, भिंतीला खांदा लावून,
दोन्ही बाजूंना भरलेल्या पिशव्या.
मी दोनदा उठून हवा बघितली.
तिसऱ्यांदा उठले तेव्हा हवा बघितली नाही,
नुसतीच खाली वाकले,
कंबर कुरकुरली,
आणि अंधारात चाचपून
पॅडल एकदा उलटं फिरवलं.
टिक टिक टिक टिक.